तळे आणि टाकी : पाणी शुद्ध कोण करते?

घरात पहिल्यांदा मत्स्यटाकी आणणारा माणूस बहुधा एकाच दिवसात सगळे उरकतो. सकाळी काचेची टाकी, रेती, फिल्टर आणि हिरव्या रोपांच्या दोन-चार जुड्या येतात, दुपारी पाणी भरले जाते आणि संध्याकाळी मासे सोडले जातात. पाणी आरशासारखे नितळ असते. आठवडाभरात मासे वर येऊन तोंडे उघडू लागतात आणि दहाव्या दिवसापर्यंत निम्मे गेलेले असतात. मग घरात चर्चा सुरू होते: दुकानदाराने आजारी मासे दिले, नळाचे पाणी वाईट होते, नाहीतर कोणाची तरी दृष्ट लागली. महाडमध्ये ओळखीच्या घरांत हे मी अनेकदा पाहिले आहे. कारण बहुतेक वेळा एकच असते. नितळ पाणी आणि मासे जगतील असे पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मी चवदार तळ्याच्या गावात राहतो. पाण्याच्या शुद्धतेवरून एवढा मोठा लढा ज्या गावात झाला, तिथे पाणी शुद्ध होते म्हणजे नेमके काय होते हे प्रत्येकाला ठाऊक असावे असे मला वाटते. त्यासाठी वनस्पतींची टाकी हे स्वस्त आणि चांगले साधन आहे.

न दिसणारे कामकरी

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य आणि सडकी पाने यांतूनही अमोनियाच तयार होतो. तो रंगहीन असतो, पाण्यात पूर्ण विरघळतो आणि माशाचे कल्ले जाळतो. पाण्याचा सामू ७ वरून ८ वर गेला, की त्यातला विषारी भाग सुमारे दहापट होतो. म्हणून एकाच प्रमाणातला अमोनिया एका घरी सोसला जातो आणि दुसऱ्या घरी जीवघेणा ठरतो.

निसर्गात हा अमोनिया जिवाणू खातात. नायट्रोसोमोनास आणि त्याचे भाईबंद अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषच, कारण ते माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटवते. पुढे नायट्रोस्पिरा जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट बरेच सौम्य असते आणि वनस्पतींचे ते अन्न आहे.

हे जिवाणू पाण्यात तरंगत बसत नाहीत. रेतीचा कण, दगड, फिल्टरचा स्पंज, पानांची पाठ, जिथे आधार मिळेल तिथे त्यांचा पातळ थर धरतो. त्यांची वाढ मात्र फार संथ असते. दुधाचे दही एका रात्रीत लागते, तर या जिवाणूंची वस्ती नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत मासे मरतात ते या मधल्या काळात.

वनस्पतींची बाजू पहिल्यांदा व्यवस्थित तपासली ती लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने. त्याने टाकीत दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाचे रोप ठेवले. जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्याने कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या आणि समतोल साधला. १८५० मध्ये त्याने हे निष्कर्ष मांडले. पट्टीसारख्या लांब पानांचे हे व्हॅलिस्नेरिया आपल्याकडच्या तळ्यांतही उगवते.

टाकी मांडताना

पहिल्या टाकीसाठी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३६ उंच हे माप सोयीचे. त्यात काठोकाठ सुमारे ६४ लिटर पाणी मावते. फार लहान टाकी सांभाळायला सोपी वाटते, पण थोड्या पाण्यात चूक लगेच विषारी होते. रेती आणि काच धरून वजन ७५ किलोच्या वर जाते, म्हणून खालचे टेबल भक्कम हवे. खिडकीचे थेट ऊन टाळावे, नाहीतर काचेवर शेवाळ माजते.

तळाशी दोन-तीन सेंटिमीटर चाळलेली, खत न घातलेली बागेतली माती पसरावी. तिच्यावर तीन-चार सेंटिमीटर धुतलेली जाडसर रेती घालावी. पाणी भरताना रेतीवर एक ताटली ठेवून तिच्यावर धार सोडली, की माती ढवळत नाही. मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया, मध्ये क्रिप्टोकोरिन लावावे. अनुबियास आणि जावा फर्न दगडाला दोऱ्याने बांधावेत. त्यांचा आडवा कंद रेतीत पुरला तर सडतो. क्रिप्टोकोरिनची पाने नव्या जागी गेल्यावर विरघळल्यासारखी होतात. ते उपटून टाकू नये, मुळातून नवी पाने फुटतात. सुरुवातीलाच भरपूर रोपे लावलेली बरी, कारण ती अमोनिया थेट शोषून घेतात.

दिवा रोज सहा ते आठ तास पुरे. नळाच्या पाण्यात क्लोरिन असते, ते माशांना आणि जिवाणूंनाही मारते. म्हणून पाणी पसरट भांड्यात दिवसभर उघडे ठेवावे किंवा क्लोरिन काढणारे औषध घालावे. मग फिल्टर सुरू करून, मासे न सोडता, रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकावे आणि दर दोन-तीन दिवसांनी परीक्षण संचाने पाणी तपासावे. आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट. दोन्ही शून्यावर आले, की पहिले चार-पाच छोटे मासे सोडायला हरकत नाही. पुढचे दोन आठवड्यांनी.

राखण

दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. काढलेल्या त्याच पाण्यात स्पंज हलकेच पिळावा. नळाखाली खसखसून धुतला तर सगळी वस्ती वाहून जाते. टाकी रिकामी करून सगळे लखलखीत घासण्याचा मोह दिवाळीच्या साफसफाईत फार होतो. तो आवरावा. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे.

वनस्पती दिवसा प्राणवायू देतात, पण रात्री त्याही तो घेतात. त्यामुळे पाण्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. त्यात उन्हाळा. २५ अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३२ अंशांना ७.३. मे महिन्यात रात्रभर हवेचा पंप चालू ठेवावा तो यासाठी.

छाटलेली रोपे उन्हात वाळवून झाडांना घालावीत. ती किंवा नकोसे झालेले मासे तळ्यात अथवा सावित्रीत सोडू नयेत. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आलेल्या जलपर्णीने आपल्या नद्यांचे काय केले ते समोर आहे. टाकीतली काच घासणारा सकरमाउथ मासाही तिकडचाच, आणि तोही आता भारतातल्या नद्यांत पसरला आहे.

१०८ घागरी

आता तळ्याकडे. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे सत्याग्रही तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी मंत्रोच्चारात तळ्यात ओतून त्याची ‘शुद्धी’ केली.

हे मी टाकीच्या हिशेबात मांडून पाहिले. उच्च न्यायालयाच्या निकालात तळ्याचे क्षेत्रफळ चार ते पाच एकर सांगितले आहे. चारच एकर आणि खोली एकच मीटर धरली, तरी पाणी दीड कोटी लिटरच्या वर जाते. घागर दहा लिटरची मानली, तर ओतलेले द्रव्य १,०८० लिटर. माझ्या टाकीच्या मानाने ते चमचाभरही होत नाही. पण त्या चमच्यात काय आहे? गोमूत्रातल्या युरियाचा पाण्यात अमोनिया होतो. शेण आणि दूध कुजताना प्राणवायू खातात. म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत त्या दिवशी तळ्यात थोडी घाण वाढली आणि पुढच्या काही दिवसांत तळातल्या जिवाणूंनी ती मुकाट्याने निस्तरली. आणि ओंजळभर पाणी पिणाऱ्या माणसांमुळे पाण्यात पडलेली भर? ती मोजण्याची नळी माझ्या संचात नाही, कोणत्याही संचात नाही, कारण मोजण्याजोगे काही घडलेच नव्हते.

तळे खाजगी मालकीचे आहे, असा दावा स्पृश्य मंडळींनी त्याच डिसेंबरमध्ये लावला. तो वरपर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. पाणी प्यायल्याच्या दिवसाला तेव्हा दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस उरले होते.

टाकी पाहायला आलेली मुले मला विचारतात, पाण्याला हात लावला तर चालेल का? मी त्यांना साबण नीट धुऊन यायला सांगतो, कारण साबण माशांना खरोखरच बाधतो. बाकी कोणाचाही हात चालतो.