जुन्या घराचा हिशेब

धारवाडच्या जुन्या पेठांतली कितीतरी घरे मातीच्या जाड भिंतींची, लाकडी खांबांची आणि मंगळुरी कौलांची. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि ही लाल कौले पुढे आपल्या भागातही पोचली. आमचे घर त्याच वळणाचे. दोन वर्षांपूर्वी ते पाडावे की दुरुस्त करावे, असा प्रश्न आला.

सासूबाई ऐंशीच्या. खोली माडीवर, न्हाणीघर परसात. थोरले दीर पुण्यात, धाकटे भावजी हुबळीत, वन्सं बेळगावात. घर पाडून अपार्टमेंट झाले असते, तर प्रत्येकाला फ्लॅट मिळाला असता. सासूबाईंचे अंगण तेवढे गेले असते. वडिलोपार्जित अविभक्त घरात विवाहित मुलीचाही हक्क २००५ च्या कायदा-दुरुस्तीने मुलाइतकाच झाला आहे. म्हणून बैठकीला वन्संनाही बोलावले. त्या म्हणाल्या, "आई आहे तोवर घर उभं राहू दे." तेच ठरले.

थोरल्यांनी पैसे पाठवले, भावजींनी आपले रविवार दिले. अशा वेळी पैसे देणाऱ्याचे नाव राहते, राबणाऱ्याचे विसरले जाते. म्हणून आम्ही एका वहीत दोन रकाने आखले, एक खर्चाचा आणि दुसरा श्रमाचा. कौले घासणे, खिडक्यांना रंग देणे घरच्यांनी केले. तुळया बदलणे आणि वायरिंग जाणत्या माणसांकडे दिले. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, तर ओल आत कोंडते आणि भिंत आतून खचते. म्हणून चुन्याचा केला. छपराचे काम मृगाच्या आत संपवले.

मुलांची वेगळीच मौज चालली होती. हुबळीची मुले "हंचु" मागत, पुण्याची "कौल" देत. यांचा "अट्ट" तो त्यांचा "माळा". गवंडी मात्र कन्नडातही "गौंडी"च, त्यामुळे त्यांना हाक मारताना कुणाचेच अडले नाही.

आता सासूबाईंची खोली पडसाळेलगत आहे आणि न्हाणीघर दोन पावलांवर. पुढेमागे वाटणी होईल, ती कुठल्या घरात चुकली आहे? पण तेव्हा कुणी किती दिले, यावर वाद नको. जुने घर दुरुस्त करायला निघालेल्यांनी सिमेंट-वाळूच्या आधी अशी एक वही जरूर आणावी, आणि लेकीबाळींची नावेही तिच्यात लिहावीत.