मैदान एक, मालक अनेक

फुटबॉलच्या स्टेडियमवरून एखाद्या शहरात वाद उभा राहिला की पहिला प्रश्न मालकीचा विचारला जातो आणि त्याचे उत्तर एकाच नावात मिळेल अशी अपेक्षा धरली जाते. प्रत्यक्षात मात्र जमिनीचा मालक, इमारतीचा मालक, ती वापरण्याचा हक्क असलेला आणि तिच्यातून उत्पन्न घेणारा असे निरनिराळे पक्ष एकाच मैदानावर नांदत असतात. सार्वजनिक पैशाचे नुकसान बहुतेक वेळा या पक्षांमधील सीमारेषा अस्पष्ट राहिल्यामुळे होते. कुणी उघड अपहार केला, असे त्यात क्वचितच असते. सुरतसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या शहराच्या दृष्टीने हा विषय केवळ खेळाचा राहत नाही, तो महापालिकेच्या कारभाराचा होतो.

सुरतेत क्रीडासंकुलांच्या मालकीचे दोन ढोबळ नमुने शेजारी शेजारी दिसतात. लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियम हे सुरत जिल्हा क्रिकेट असोसिएशनचे मैदान आहे आणि 2019 मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेचा अंतिम सामना तेथेच झाला. अठवा भागातील पंडित दीनदयाळ उपाध्याय इनडोअर स्टेडियम मात्र महापालिकेचे आहे. फुटबॉलच्या वाट्याला यांपैकी काहीच ठळकपणे आलेले नाही. गुजरात राज्य फुटबॉल संघटनेने 2024 मध्ये गुजरात सुपर लीग सुरू केली, तेव्हा ‘सुरत स्ट्रायकर्स’ हा संघ सुरतेच्या नावाने, पण अहमदाबादच्या कांकरिया भागातील मैदानावर खेळला. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेल्या हजारो मराठी कुटुंबांसह या शहराची लोकसंख्या ज्या गतीने वाढत आहे, ती पाहता फुटबॉलसाठी मोठे मैदान हवे अशी मागणी आज ना उद्या जोर धरणार. म्हणून इतरत्र काय घडले हे बांधकामाची निविदा निघण्यापूर्वीच समजून घेणे इष्ट ठरते.

सुरतेत सार्वजनिक मैदानाची गोष्ट जमिनीपासून, म्हणजेच ‘टीपी स्कीम’ या नावाने घरोघरी ठाऊक असलेल्या नगररचना योजनेपासून सुरू होते. या पद्धतीचे मूळ 1915 च्या मुंबई नगररचना कायद्यात आहे. आज गुजरातेत तिचा आधार 1976 चा नगररचना व नागरी विकास कायदा हा आहे. एखाद्या भागातील सर्व खासगी जमिनी कागदोपत्री एकत्र आणून त्यांची नव्याने आखणी केली जाते, मूळ मालकाला लहान पण रस्त्याला लागून असलेला ‘फायनल प्लॉट’ परत मिळतो आणि उरलेली जमीन सार्वजनिक कामांसाठी ठेवली जाते. कायद्याने त्यासाठी घालून दिलेल्या प्रमाणात उद्याने, क्रीडांगणे व मोकळ्या जागा यांचा वाटा पाच टक्के इतका आहे. योजना अंतिम झाल्यावर ही जमीन सर्व बोज्यांतून मुक्त होऊन संबंधित प्राधिकरणाकडे निहित होते, म्हणजे तिच्यावरचे जुने खासगी हक्क संपतात. अशा योजनांमध्ये मालकाला मिळणारी भरपाई पुरेशी आहे का, या प्रश्नावर 1969 मध्ये अहमदाबादच्या आणि 1980 च्या दशकात सुरतच्या योजनेवरून खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा या पद्धतीची वैधता टिकली. त्यातून निघणारा अर्थ असा की मैदानासाठी राखलेल्या जागेमागे शेकडो लहानमोठ्या मालकांनी सोडलेला जमिनीचा हिस्सा असतो. तिजोरीतून एक रुपयाही खर्च होण्यापूर्वी त्या जागेत लोकांची गुंतवणूक झालेली असते.

तथापि जमीन निर्विवादपणे सार्वजनिक असली तरी वाद टळत नाही, याचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडमधील कॉव्हेंट्री या शहराचे आहे. तेथील कॉव्हेंट्री सिटी हा क्लब 1899 पासून हायफिल्ड रोड या मैदानावर खेळत होता. नव्या स्टेडियमचा बेत आखताना त्याची आर्थिक स्थिती ढासळली आणि स्टेडियम चालवणाऱ्या कंपनीतील आपला निम्मा हिस्सा त्याला एका स्थानिक धर्मादाय संस्थेला विकावा लागला. उरलेला निम्मा हिस्सा नगर परिषदेचा होता आणि जमिनीची मूळ मालकीही परिषदेचीच होती. 2005 मध्ये सुमारे 32 हजार आसनांचे मैदान सुरू झाले खरे, पण ज्याच्या नावावर प्रेक्षक येणार तो क्लब तेथे केवळ भाडेकरू होता. वर्षाला सुमारे 13 लाख पौंड भाडे त्याच्यावर बसले होते आणि सामन्याच्या दिवशी होणाऱ्या खाण्यापिण्याच्या विक्रीचे, वाहनतळाचे वगैरे उत्पन्न मुख्यतः स्टेडियमच्या कंपनीकडे जात होते.

या व्यवस्थेतील ताण 2012 मध्ये उघड झाला. क्लब ताब्यात घेतलेल्या गुंतवणूक कंपनीने भाडे देणे थांबवले. भाडे थांबल्याने स्टेडियमच्या कंपनीचे बँककर्ज अडचणीत आले आणि तिला सावरण्यासाठी नगर परिषदेने जानेवारी 2013 मध्ये 1 कोटी 44 लाख पौंडांचे कर्ज सार्वजनिक निधीतून दिले. हे कर्ज म्हणजे एका खासगी व्यवसायाला बेकायदा सरकारी मदत आहे, असा आक्षेप घेऊन क्लबच्या मालकांनी न्यायालयात धाव घेतली. भागधारक या नात्याने परिषदेने आपली गुंतवणूक वाचवण्यासाठी केलेली ती कृती होती, असे मानून न्यायालयांनी 2014 मध्ये आणि पुढे अपिलातही हा आक्षेप फेटाळला. दरम्यान क्लब एका संपूर्ण मोसमात नॉर्थॅम्पटन येथे खेळला. 2014 च्या अखेरीस परिषद आणि धर्मादाय संस्था यांनी कंपनीतील आपले हिस्से वॉस्प्स या रग्बी क्लबला विकले आणि भाडेपट्टा 250 वर्षांचा करून दिला. भाडेपट्टा म्हणजे मालकी न सोडता ठरावीक मुदतीसाठी दिलेला ताबा. पण मुदतच अडीचशे वर्षांची झाली की मूळ मालकाचा हक्क कागदावरचा उरतो. पुढे वॉस्प्सही कर्जबाजारी होऊन 2022 मध्ये प्रशासकाच्या हाती गेला, मैदान फ्रेझर्स ग्रुप या व्यापारी समूहाने 1 कोटी 70 लाख पौंडांना विकत घेतले आणि 2025 मध्ये अखेर ते कॉव्हेंट्री सिटीकडे आले. सामान्य समर्थकांना मात्र आपल्या संघासाठी आधी नॉर्थॅम्पटन आणि नंतर 2019 ते 2021 या काळात बर्मिंगहॅम गाठावे लागले.

लंडनच्या ऑलिंपिक स्टेडियमची कहाणी याच्या उलट बाजूची आहे, कारण तेथे भाडेकरू अडचणीत आला नाही, तर सार्वजनिक मालकच आला. 2012 च्या ऑलिंपिकसाठी बांधलेले हे मैदान फुटबॉलयोग्य करण्याचा खर्च 19 कोटी पौंडांच्या अंदाजावरून 32 कोटी 30 लाखांपर्यंत गेला. त्यात वेस्ट हॅम क्लबचा वाटा 1 कोटी 50 लाखांचा होता. क्लबला 99 वर्षांचा वापरहक्क मिळाला आणि भाडे वर्षाला सुमारे 25 लाख पौंडांपासून सुरू झाले. रिकामे मैदान वापरात आणण्याची घाई सार्वजनिक पक्षाला असते आणि मोठ्या क्लबपुढे पर्याय खुले असतात; अशा वाटाघाटीत कोणाचे पारडे जड राहणार हे करारावर सही होण्यापूर्वीच ठरलेले असते.

भारतात क्लबच्या मालकीची मोठी मैदाने विरळा असल्यामुळे वाद वेगळे रूप घेतात. कोचीतील कलूरचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम ग्रेटर कोचीन विकास प्राधिकरणाचे असून ते 1996 पासून वापरात आहे. प्रेक्षागाराखाली दुकानांचे गाळे काढून त्यांच्या भाड्यावर खर्चाचा भार हलका करण्याची, आपल्याकडेही सर्रास आढळणारी पद्धत तेथे होती. 2017 मध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने तेथे ठरले तेव्हा या दुकानदारांना जागा रिकाम्या करण्यास सांगण्यात आले आणि त्यांच्या उपजीविकेचा प्रश्न उच्च न्यायालयात पोहोचला. पुढच्याच वर्षी भारत-वेस्ट इंडिज एकदिवसीय क्रिकेट सामना तेथे घेण्याचा बेत पुढे आला. विश्वचषकासाठी मोठ्या खर्चाने तयार केलेली हिरवळ खेळपट्टीसाठी खोदली जाईल म्हणून फुटबॉलप्रेमींनी विरोध केला आणि सामना तिरुवनंतपुरमला हलवण्यात आला. 2025 मध्ये लिओनेल मेस्सीच्या अर्जेंटिना संघाच्या नियोजित दौऱ्यानिमित्त हेच मैदान नूतनीकरणासाठी एका खासगी प्रायोजकाच्या हाती सोपवले गेले. दौरा ठरल्या वेळी झाला नाही आणि सार्वजनिक मालमत्ता कोणत्या लेखी अटींवर दिली होती, या प्रश्नाभोवती राजकीय वादळ उठले. मालक तोच राहिला, पण दुकानदार, क्रिकेट संघटना, फुटबॉल क्लब आणि प्रायोजक या प्रत्येकाचा हक्क वेगवेगळ्या कागदावर होता आणि ते कागद परस्परांशी जुळत नव्हते.

बंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियममध्ये संघर्ष मैदान आणि धावपट्टी यांच्यात झाला. सरकारी मालकीच्या या संकुलात बंगळुरू एफसीचे सामने सुरू झाल्यानंतर सरावाच्या वेळा कमी होतात, अशी तक्रार ॲथलेटिक्सच्या खेळाडूंनी व प्रशिक्षकांनी केली आणि ती कर्नाटक उच्च न्यायालयात गेली. मुंबईत अंधेरीचे शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल बृहन्मुंबई महापालिकेचे आहे. ते चालवण्यासाठी वेगळे प्रतिष्ठान असून 2016 पासून मुंबई सिटी एफसीचे सामने तेथे होत आले आहेत. अहमदाबादच्या कांकरिया येथील स्टेडियममध्ये तिसरा मार्ग निवडला गेला. सुमारे 20 हजार प्रेक्षकांचे हे संकुल सार्वजनिक-खासगी भागीदारीतून, म्हणजे खासगी कंपनीने बांधावे, काही काळ चालवून उत्पन्न घ्यावे आणि नंतर शासनाकडे सोपवावे, या तत्त्वावर उभे राहिले. 2016 चा कबड्डी विश्वचषक आणि 2019 ची फुटबॉलची इंटरकॉन्टिनेंटल स्पर्धा तेथे झाली. या पद्धतीत बांधकामाचा तात्काळ भार सरकारवर पडत नाही. मात्र गुंतवलेला पैसा परत मिळवण्यासाठी चालकाला लग्नसमारंभ, प्रदर्शने, मैफली यांच्याकडे वळावे लागते आणि शाळकरी मुलांना सरावासाठी किती तास मिळतील, हे करारात आधी लिहिले नसेल तर नंतर ते मागून मिळणे अवघड होते.

या सर्व उदाहरणांत सार्वजनिक पैसा किमान चार वाटांनी जातो. पहिली वाट बांधकाम अनुदानाची आहे आणि तीच डोळ्यांना दिसते. दुसरी वाट बाजारभावापेक्षा कमी भाड्याने दिलेल्या जमिनीची आहे. हिशेबवहीत तिची नोंद खर्च म्हणून होत नाही, परंतु ती जमीन अन्य उपयोगात आणून जे मिळाले असते ते सोडून दिलेले असते. तिसरी वाट कर्जाची व हमीची आहे, जी कॉव्हेंट्रीत दिसली. चौथी देखभालीची आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. कृत्रिम हिरवळ साधारण आठ-दहा वर्षांनी बदलावी लागते. प्रकाशझोत, निचऱ्याची व्यवस्था आणि प्रेक्षागाराची दुरुस्ती यांचा खर्च सामने होवोत वा न होवोत चालूच राहतो. स्टेडियममुळे शहराच्या उत्पन्नात भर पडते, असे समर्थन या खर्चासाठी नेहमी केले जाते. अमेरिकेतील अर्थतज्ज्ञ रॉजर नॉल आणि अँड्र्यू झिम्बालिस्ट यांनी 1997 मध्ये संपादित केलेल्या अभ्यासग्रंथापासून आजवरच्या बहुतेक संशोधनाने हा दावा फारसा टिकू दिलेला नाही, कारण सामन्यावर होणारा खर्च बहुतांशी त्याच शहरातील चित्रपटगृह, उपाहारगृह किंवा बाजारपेठ यांच्याकडून वळलेला असतो. म्हणूनच मैदानाचे समर्थन आरोग्य, खेळ आणि सार्वजनिक जीवन या आधारांवर करणे अधिक प्रामाणिक ठरते. आणि तसे केले की वापराचा हक्क प्रथम नागरिकांचा, हेही ओघाने येते.

कायद्याची चौकट या बाबतीत सुरतकरांना अगदीच निराधार सोडत नाही. सुरत 1960 पर्यंत मुंबई राज्यात होते आणि 1949 चा प्रांतिक महानगरपालिका कायदा गुजरात व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांना वारशाने मिळाला आहे. 1966 मध्ये स्थापन झालेली सुरत महापालिका आणि पुणे किंवा नाशिक येथील महापालिका यांचे मूळ कायदेशीर साचे म्हणूनच सारखे आहेत. या कायद्याच्या कलम 79 नुसार महापालिकेची स्थावर मालमत्ता विकताना किंवा भाड्याने देताना मिळणारा मोबदला चालू बाजारमूल्यापेक्षा कमी असता कामा नये. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत उद्याने व क्रीडांगणे पुरवणे हे नगर संस्थांचे काम म्हणून नोंदलेले आहे. शिवाय उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा बंगळुरूतील निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये रद्दबातल ठरवला, तेव्हा मोकळी जागा ही नागरिकांच्या हिताची ठेव आहे आणि शासनाला तिचा मनमानी वापर करता येत नाही, हे तत्त्व ठामपणे मांडले गेले.

तरीही कायदा केवळ किमान मर्यादा सांगतो. करारातील तपशील ठरवण्याचे काम नगरसेवकांच्या सभेत आणि नागरिकांच्या जागरूकतेतच होते. भाडेपट्ट्याची मुदत एका पिढीपेक्षा लांब असू नये. सामन्यांव्यतिरिक्तच्या उत्पन्नात महापालिकेचा वाटा टक्केवारीने ठरलेला असावा. शाळा व स्थानिक क्लब यांचे सरावाचे तास परिशिष्टात नव्हे, तर मुख्य करारात असावेत. क्लब बंद पडला, संघटना फुटली किंवा कंपनी दिवाळखोरीत गेली तर ताबा आपोआप महापालिकेकडे परत यावा. आणि करार व वार्षिक हिशेब माहिती अधिकाराचा अर्ज न करताही वाचायला मिळावेत. यांतील शेवटून दुसरी अट विशेष महत्त्वाची आहे. भारतीय फुटबॉल महासंघ आणि त्याचा व्यापारी भागीदार यांच्यातील पंधरा वर्षांचा करार 2025 मध्ये संपत आला, तेव्हा इंडियन सुपर लीगचा मोसम वेळेवर सुरूही होऊ शकला नाही आणि देशातील अग्रगण्य क्लबांचे भवितव्य टांगणीला लागले. क्लबचे आयुष्य गुंतवणूकदाराच्या उत्साहावर अवलंबून असते, तर स्टेडियमचे काँक्रीट अर्धशतक टिकते. या दोन आयुष्यांमधील अंतराचा भार शेवटी ज्याच्यावर पडतो तो करदाता असतो आणि म्हणून करारातील पहिला पक्षही तोच धरला गेला पाहिजे.