पहिला गोळा

लेफ्टनंट जनरल हणूत सिंग यांचं नाव निघालं की बसंतरची लढाई आठवते. मला मात्र त्या लढाईच्या आधीचे हणूत सिंग अधिक मोठे वाटतात. नेमबाजीवर जीव असलेला आणि आपल्या माणसांकडून ती घोटून घेणारा अधिकारी.

राजस्थानातल्या जसोलचे हणूत सिंग १९५२ मध्ये पूना हॉर्समध्ये दाखल झाले. ही रेजिमेंट १८१७ पासूनची. घोडे जाऊन रणगाडे आले, तरी सवार, दफादार, रिसालदार ही पदं तशीच राहिली.

नेमबाजीचं एवढं महत्त्व का, हे मला अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये कळलं. सोबत चिलखती दलातून निवृत्त झालेले एक दफादार होते. सेंच्युरियन रणगाड्यापाशी मी तोफेकडे बघत होतो. त्यांनी वरच्या झाकणाकडे बोट दाखवलं. "साहेब इथं उभे राहतात, डोकं बाहेर काढून. झाकण लावलं तर जीव वाचतो, पण दिसत नाही."

पन्नास टनांच्या त्या धुडात चौघंच असतात. ड्रायव्हर पुढे खाली. वर बुरुजात कमांडर, गनर आणि लोडर. कमांडर लक्ष्य हेरतो, अंतर सांगतो. लोडर गोळा भरतो, गनर नेम धरतो. दफादारांनी रिकाम्या हातांनी गोळा उचलून भरून दाखवला; इतक्या वर्षांनीही हात कुठे अडखळला नाही. "पहिला चुकला, तर दुसरा भरेपर्यंत समोरचा आपल्याला टिपतो," ते म्हणाले.

डिसेंबर १९७१ च्या भारत-पाक युद्धात शकरगडच्या आघाडीवर पूना हॉर्सचे कमांडंट होते लेफ्टनंट कर्नल हणूत सिंग. बसंतर नदीपलीकडे आपल्या पायदळाने पाय रोवले होते आणि समोर शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल सुरू झाली होती. मधल्या पट्ट्यात सुरुंग पेरलेले. इंजिनिअरांचं वाट मोकळी करण्याचं काम अर्धवट राहिलेलं. थांबावं तर पायदळ उघड्यावर पडणार. हणूत सिंगांनी रात्रीच, साफ न झालेल्या सुरुंगांमधून रणगाडे पुढे काढले. १६ डिसेंबरला पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांचे हल्ले एकामागून एक आले आणि पूना हॉर्सने ते मोडून काढले. पुण्यात जन्मलेले २१ वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल त्याच दिवशी धारातीर्थी पडले. त्यांना परमवीर चक्र मिळालं, हणूत सिंगांना महावीर चक्र.

पुढे त्यांनी डिव्हिजन सांभाळली. १९८६-८७ च्या 'ब्रासस्टॅक्स' या लष्करी सरावाच्या वेळी दुसरी कोअर त्यांच्या हाताखाली होती. लग्न केलं नाही. ध्यानधारणा आणि सैन्य एवढाच संसार. शेवटची नेमणूक अहिल्यानगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलचे प्रमुख म्हणून. तिथूनच १९९१ मध्ये ते निवृत्त झाले आणि २०१५ मध्ये देहरादूनला त्यांचं निधन झालं.

शौर्यपदकाची तारीख लढाईची असते, पण ते कमावलं जातं शांततेतल्या सरावात. लढाईच्या दिवशी रेजिमेंटला नवं काही शिकवता येत नाही. हणूत सिंगांनी शिकवण्याचं काम वेळेत केलं होतं, म्हणून मी त्यांना थोर सेनानी मानतो.