मुरलेली बोर्दो : राखावी किती, उघडावी कधी?

लंडनमधील 'ख्रिस्तीज' या लिलावगृहात ५ डिसेंबर १९८५ रोजी वाइनच्या एका बाटलीला १ लाख ५ हजार पौंडांची बोली लागली. बाटलीवर १७८७ हे साल आणि बोर्दोच्या लाफित या विख्यात मळ्याचे नाव कोरलेले होते. अमेरिकेतील फोर्ब्स कुटुंबाने ती विकत घेतली आणि न्यू यॉर्कमधील आपल्या दालनात दिव्यांच्या प्रकाशात मांडून ठेवली. दिव्यांच्या उष्णतेने बूच आक्रसले आणि एके दिवशी घसरून बाटलीतच पडले. ती बाटली मुळात अस्सल होती का, याविषयी पुढे गंभीर शंका घेतल्या गेल्या. शंकेला जागा नाही ती एकाच गोष्टीविषयी. लिलावात विक्रमी किंमत मिळवणारी ती बाटली मेजावर न येता शोभेच्या कपाटात वाया गेली.

परदेशातून आणलेली किंवा भेट मिळालेली एखादी बोर्दो आज मुंबई-पुण्यातील अनेक घरांत 'खास प्रसंगासाठी' राखून ठेवलेली असते. वाइन जितकी जुनी तितकी चांगली, हा समज त्यामागे असतो. तो अर्धाच खरा आहे. लोणचे मुरते तशी वाइनही मुरते. पण मुरण्याला एक मर्यादा असते आणि ती ओलांडली की उतरण सुरू होते.

बोर्दो म्हणजे काय?

फ्रान्सच्या नैऋत्येस गारॉन आणि दॉर्दोन्य या दोन नद्या एकत्र येऊन जिरॉन्द ही विस्तीर्ण खाडी तयार होते. या पाण्याच्या दोन्ही बाजूंना बोर्दोचे द्राक्षमळे पसरलेले आहेत. डाव्या तीरावरील मेदॉक भागात खडी-वाळूची जमीन असून तेथे कॅबरने सॉव्हिन्यों या जाड सालीच्या द्राक्षाचे राज्य आहे. उजव्या तीरावर सेंत-एमिलियों आणि पोमेरॉल येथे चिकणमाती व चुनखडीच्या जमिनीत मर्लो आणि कॅबरने फ्रां ही द्राक्षे अधिक घेतली जातात. एकाच जातीच्या द्राक्षावर विसंबून न राहता दोन-तीन जातींच्या वाइन योग्य प्रमाणात मिसळणे, हे बोर्दोचे वैशिष्ट्य. ही मिश्रित वाइन साधारण २२५ लिटरच्या ओकच्या पिंपात काही महिने ते दोन वर्षे राहते आणि मग बाटलीत भरली जाते.

या वाइनची ख्याती जुनी आहे. ११५२ मध्ये आक्वितेनची एलिनॉर आणि पुढे इंग्लंडचा राजा झालेला दुसरा हेन्री यांचा विवाह झाला आणि बोर्दोच्या वाइनला इंग्लंडची बाजारपेठ खुली झाली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मेदॉकमधील मळ्यांची पाच श्रेणींत प्रतवारी करण्यात आली. मेदॉकबाहेरच्या ओ-ब्रियों या मळ्यालाही तीत स्थान मिळाले. १९७३ मध्ये मूतों रोथशिल्डला पहिल्या श्रेणीत बढती मिळाली. तो एक महत्त्वाचा बदल सोडला तर ती प्रतवारी आजही जवळपास तशीच आहे.

बाटलीच्या आत काय घडते?

तांबड्या वाइनमध्ये द्राक्षाची साल, बिया आणि ओकचे लाकूड यांतून टॅनिन हे तुरट द्रव्य उतरते. कोवळी बोर्दो प्यायल्यावर जीभ आणि हिरड्या कोरड्या पडतात, त्या यामुळेच. कालांतराने टॅनिनचे रेणू एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडले जातात. काही इतके मोठे होतात की ते तळाशी साक्याच्या रूपाने बसतात. तुरटपणा मवाळ होतो. गडद जांभळा रंग माणकासारखा आणि पुढे विटकरी होत जातो. ताज्या काळ्या फळांचा गंध मागे पडून देवदार, तंबाखूचे पान, कातडे, ओली माती, अळंबी असे गंध वर येतात. जुन्या बोर्दोचे चाहते ज्यासाठी वर्षानुवर्षे थांबतात ते हेच.

मात्र प्रत्येक बोर्दो थांबण्याच्या लायकीची नसते. रोजच्या वापरासाठी केलेली साधी बोर्दो दोन ते पाच वर्षांत संपवावी. मधल्या दर्जाची वाइन पाच ते दहा वर्षे टिकते. नामांकित मळ्यांची वाइन चांगल्या सालात दहा ते तीस वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक काळ उत्तम राहते. १९६१, १९८२, २०००, २००५, २००९, २०१० आणि २०१६ ही साले थोर मानली जातात. २०१३ सारख्या दुबळ्या सालाची वाइन मात्र लवकर उघडलेली बरी.

बोर्दोच्या वळणाची वाइन

हीच द्राक्षे आणि मिश्रणाची हीच रीत घेऊन कॅलिफोर्निया, इटलीतील बोल्गेरी, दक्षिण आफ्रिकेतील स्टेलनबॉश आणि ऑस्ट्रेलियातील मार्गारेट रिव्हर येथेही उत्तम वाइन तयार होतात. या नव्या वाइन चवदार असतील, पण मुरणार नाहीत, असे पूर्वी फ्रान्समध्ये म्हटले जाई. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पुरिए या इंग्रज व्यापाऱ्याने नाव झाकून चाखण्याचा कार्यक्रम ठेवला. फ्रेंच परीक्षकांनी तांबड्या वाइनमध्ये पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाच्या 'स्टॅग्ज लीप'च्या १९७३ सालच्या वाइनला दिला. काही वर्षांनी निकाल उलटा लागेल, असा युक्तिवाद तेव्हा झाला. ३० वर्षांनी, २००६ मध्ये त्याच वाइन पुन्हा चाखल्या गेल्या, तेव्हा पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाने पटकावले. अग्रस्थानी होती 'रिज माँटे बेलो'ची १९७१ ची वाइन. मुरण्याचा गुण एका प्रदेशाची मक्तेदारी नाही, हे त्यातून दिसले.

महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आणल्यानंतर नाशिक परिसरात वाइन उद्योग वाढला आणि कॅबरने सॉव्हिन्योंची लागवडही झाली. तथापि, येथील बहुतेक तांबड्या वाइन काही वर्षांतच पिण्यासाठी केलेल्या असतात. त्या दीर्घकाळ राखून ठेवण्यात लाभ नाही.

घरातला खरा शत्रू : उष्णता

वाइन मुरण्यासाठी १२ ते १४ अंश सेल्सिअस तापमान, थोडी आर्द्रता, अंधार आणि स्थैर्य लागते. बोर्दोतील दगडी तळघरात हे सारे आपसूक मिळते. मुंबईच्या सदनिकेत नाही. तेथे तापमान वर्षाचा बराच काळ ३० अंशांच्या आसपास असते. अशा उष्णतेत वाइन मुरत नाही, ती शिजते. बूच वर सरकते, कडेने पाझर दिसतो आणि चवीला उकडलेल्या फळासारखा बोथटपणा येतो. स्वयंपाकघराचा पोटमाळा ही बाटली ठेवण्याची सर्वांत वाईट जागा.

खास वाइनसाठी मिळणारे शीतकपाट हा उत्तम उपाय. ते नसेल तर बाटली साध्या फ्रिजमध्ये काही महिने ठेवता येते. पण तेथील थंडीत मुरणे जवळजवळ थांबते आणि कोरड्या हवेने बूच सुकू लागते. बूच ओले राहावे म्हणून बाटली नेहमी आडवी ठेवावी. ही सोय नसलेल्या घरात दहा वर्षांचा बेत आखण्यात अर्थ नाही. अशा वेळी आधीच मुरलेली बाटली खात्रीच्या विक्रेत्याकडून घेऊन लवकर उघडणे हेच शहाणपणाचे.

मैफलीचा दिवस

जुनी वाइन एकट्याने पिण्याची गोष्ट नव्हे, यामागे व्यवहारही आहे. ७५० मिलिलिटरची बाटली सहा जणांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला १२५ मिलिलिटर येते. खर्च विभागला जातो आणि उरण्याचा प्रश्न येत नाही. उघडलेली कोवळी वाइन दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकते; खूप जुनी मात्र काही तासांत, कधी तासाभरातही मावळते. मित्रमंडळींनी वर्गणी काढून एकाच मळ्याची निरनिराळ्या सालांची वाइन किंवा एकाच सालाची निरनिराळ्या मळ्यांची वाइन शेजारी शेजारी चाखावी. मुरणे म्हणजे काय, हे अशा एका संध्याकाळी जितके कळते तितके पुस्तकातून कळत नाही.

पूर्वतयारी सोपी आहे. बाटली एक-दोन दिवस आधी उभी ठेवावी, म्हणजे साका तळाशी बसतो. जुने बूच ठिसूळ असते. त्यासाठी दोन पातळ पाती असलेला चिमटा साध्या पेचापेक्षा सुरक्षित. मग वाइन काचेच्या सुरईत संथपणे ओतावी. बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती ठेवली की साका वर येताना दिसतो आणि तेथेच थांबता येते. बोर्दोच्या बाटलीचे खांदे उंच असतात, त्यांचाही साका अडवण्यास उपयोग होतो. कोवळी वाइन तास-दोन तास सुरईत मोकळी ठेवावी. वीस-तीस वर्षांची मात्र ओतताच पेल्यांत द्यावी.

'तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी' हा नियम युरोपातील थंड घरांचा आहे. तेथे त्याचा अर्थ १६ ते १८ अंश असा होतो. आपल्याकडे त्यासाठी बाटली अर्धा तास तरी फ्रिजमध्ये ठेवावी लागते. जेवणही सौम्य हवे. तांबड्या रश्शाचा तिखटपणा जुन्या वाइनचा नाजूक गंध पुसून टाकतो. कमी मसाल्याचे भाजलेले मटण, अळंबी किंवा कठीण चीज तिला मानवते. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा बुरशीचा वास आला, तर तो दोष बुचातून उतरलेल्या ट्रायक्लोरोअॅनिसोल या रसायनाचा असतो. ती बाटली बाजूला ठेवावी. म्हणूनच जाणकार अशा बैठकीसाठी एक बाटली जादा राखतात.

प्रवासात

जुन्या बाटलीला प्रवास मानवत नाही. हिंदकळण्याने साका पुन्हा मिसळतो आणि वाइन गढूळ, कडवट होते. मित्राच्या घरी न्यायची असल्यास निघण्यापूर्वी ती सुरईत ओतून, बाटली स्वच्छ विसळून, वाइन पुन्हा त्याच बाटलीत भरावी. परदेशातून आणलेली बाटली किमान दोन-तीन आठवडे विसावू द्यावी. भारतात येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येते, म्हणजे दोन बाटल्या. निघण्यापूर्वी प्रचलित नियम पाहून घ्यावेत. महाराष्ट्रात मद्य बाळगण्यासाठी व पिण्यासाठी परवाना लागतो, याचाही विसर पडू नये.

त्यापेक्षा वाइनकडे आपणच जाणे अधिक सुखाचे. २०१७ पासून पॅरिसहून बोर्दोला अतिवेगवान रेल्वेने सुमारे दोन तासांत पोहोचता येते. तेथे २०१६ मध्ये 'सिते दु व्हँ' हे वाइनचे भव्य संग्रहालय उघडले. जवळचे सेंत-एमिलियों गाव आणि तेथील मळे १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. नामांकित मळ्यांत आधी वेळ ठरवूनच प्रवेश मिळतो. ज्या तळघरात बाटली मुरली तेथून थोड्याच अंतरावर ती प्यायला मिळणे, याची सर सामानातून आणलेल्या बाटलीला येत नाही.

लवकर की उशिरा?

कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्णतः सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे पिणाऱ्यांनीही थोडेच आणि जाणून प्यावे, हेच इष्ट. सहा जणांत एक बाटली हा हिशेब तेथेही उपयोगी पडतो.

राहिला प्रश्न वेळेचा. बाटली दोन वर्षे लवकर उघडली, तर सुरईत तास-दोन तास ठेवून तिचा तुरटपणा थोडाफार कमी करता येतो. पाच वर्षे उशीर झाला, तर कोणत्याही उपायाने तिच्यात प्राण परत येत नाही. मुलाच्या जन्मसालाची, लग्नाच्या वर्षाची किंवा पहिल्या परदेशवारीची म्हणून जपलेली बाटली घरी असेल, तर 'कधीतरी' हा शब्द काढून दिनदर्शिकेवर एक तारीख लिहावी आणि त्या दिवशी कोणाकोणाला बोलवायचे, तेही आजच ठरवावे.