भाकर, जवस आणि केसांचं तेज

चाळीस वर्षांपूर्वी केळापूर तालुक्यात कुत्र्याचं खाणं विकत आणायची रीत नव्हती. जागलीला वावरात जाणाऱ्या माणसामागं कुत्रं जायचं. त्याच्या वाट्याला ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकर यायची आणि घरात मटण शिजलं तर थोडा रस्सा. आमची आजी चटणीसाठी जवस भाजून वाटायची. लसूण-मिरची घालण्याआधी त्यातली चिमूटभर पूड भाकरीवर पडायची. त्या कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला, की तो घसरत जायचा.

या चिमटीचं मर्म फार दूरवर उलगडलं होतं. 1929 साली अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्यानं उंदरांना स्निग्धांश अजिबात नसलेलं खाणं दिलं. उंदरांच्या कातडीला खवले धरले, वाढ खुंटली. लिनोलिक आम्ल दिल्यावर ते सुधारले. काही स्निग्धाम्लं शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती खाण्यातूनच यावी लागतात, हे त्यातून कळलं.

पुढं आमच्याकडची पिकं बदलली. पऱ्हाटी टिकली, सोयाबीन पसरलं, ज्वारी-जवसाचे पट्टे आटले. कुत्र्याच्या ताटलीत रेशनचा भात आणि गव्हाची पोळी आली. मग पांढरकवड्याला, तालुक्याच्या गावी, दुकानांत कोरड्या दाण्यांच्या पिशव्या दिसू लागल्या.

पोट भरणं आणि केस चमकणं या दोन गोष्टी कधी कधी एकमेकींच्या आड येतात. स्वस्तात पोट भरायचं तर कोंडा वाढवतात. कोंड्यानं पोट जड होतं, पण त्यातलं फायटेट जस्ताला धरून ठेवतं आणि कातडीपर्यंत जस्त पुरेसं पोचत नाही. 1980 च्या दशकात अमेरिकेत धान्यावर बेतलेल्या हलक्या खाद्यानं पिल्लांच्या कातडीवर खपल्या धरल्या, त्यामागं हेच कारण होतं. नुसतं पोट भरून भागत नाही; प्रौढ कुत्र्याच्या खाद्यासाठी अमेरिकी मानकांत कोरड्या वजनावर किमान 18 टक्के प्रथिनं, 5.5 टक्के स्निग्धांश आणि 1.1 टक्के लिनोलिक आम्ल मागितलं आहे.

हे गणित आपल्या तालुक्यातल्या मालावरही बसवता येतं. तृप्तीसाठी ज्वारी आणि बेताचा चोथा घ्यावा. प्रथिनांसाठी अंडी, मांस, मासळी हवी. सोयाबीनच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असतं. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक ओमेगा-3 असतं, पण कुत्र्याचं शरीर त्याचा थोडाच भाग मासळीतल्या रूपात बदलतं, म्हणून मासळी सोडू नये. जवसाची पूड लवकर खवट होते, तेव्हा ती थोडी थोडीच वाटावी. लसूण कुत्र्याला बाधतो, त्यामुळं तयार चटणी कधीच देऊ नये. सरकीच्या ढेपेतलं गॉसिपॉल मोठी गुरं पचवतात, कुत्र्याला मात्र ते विषासारखं आहे. कापसाच्या मुलखात हे घराघरांत ठाऊक असायला हवं.

रिकामी ताटली पाहून आपण समाधान मानतो. आजी मात्र खाऊन झाल्यावर कुत्र्याच्या पाठीवरून केसांच्या उलट दिशेनं हात फिरवायची आणि तळव्याला कातडीचा कोंडा लागतो का ते पाहायची. खाद्य बनवणाऱ्यानंही शेवटची परीक्षा तिथंच घ्यावी.