‘घाटार’ आणि ‘कोकणात’ : आठवडी ये-जा करणाऱ्यांची बोली

पिंगुळीतील एखाद्या घरी बेळगावास बिऱ्हाड केलेल्या मुलाची चौकशी केली, तर ‘तो घाटार आसा’ असे उत्तर मिळते. शहराचे नाव पुष्कळदा येतच नाही. प्रमाण मराठीत ज्याला आपण ‘घाटावर’ म्हणतो त्याचेच कुडाळी बोलीतील हे रूप. येथे ‘वर’ या शब्दयोगी अव्ययाचा ‘र’ एवढाच अवशेष उरला आहे. हा ‘र’ ‘वाटेर’, ‘झाडार’ अशा रूपांतही आढळतो. मात्र ‘घाटार’च्या जोडीला ‘कोकणार’ असे रूप कोणी वापरीत नाही. माणूस घाटावर असतो, पण कोकणात असतो. देश हा माथा आणि कोकण हे पात्र, ही कल्पना विभक्तीतच रुजलेली आहे. ‘तळकोकण’ हा शब्द तिचीच साक्ष देतो.

प्रत्यक्ष उंचीचा हिशेब केला तर ती फार भरत नाही. सावंतवाडीहून सुमारे 30 किलोमीटर चढून गेल्यावर लागणारे आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंच आहे. त्यापलीकडचे बेळगाव सुमारे 750 मीटर. महाबळेश्वर घेतले तरी 1,400 मीटरांच्या आतच. वैद्यकशास्त्र ज्या उंचीस ‘अतिउंच’ म्हणते ती साधारणतः 2,500 मीटरांपासून सुरू होते. आणि महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई तर 1,646 मीटरांवरच थांबते! म्हणजे घाट चढणाऱ्याच्या श्वासावर जाणवण्याजोगा परिणाम होण्याचे कारण नाही. बदलते ती हवा, बदलतो तो पाऊस, आणि बदलते बोली.

खऱ्या उंचीचा अनुभव सिंधुदुर्गातील अनेक घरांना आहे, पण तो सैन्यामुळे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावास आहे. तेथे तयार झालेला जवान पुढे सुमारे 3,500 मीटरांवरील लेहला गेला, की त्यास प्रथम काही दिवस सरावासाठी थांबावे लागते. विरळ हवेत पहिल्या काही तासांतच श्वासाचा वेग वाढतो. रक्तातील तांबड्या पेशी वाढण्यास मात्र आठवडे लागतात. खाली उतरल्यावर हा सराव एकदम जात नाही, हळूहळू ओसरतो. यास्तव दोन-चार दिवस खाली जाऊन परतणारा आणि दोन महिन्यांनी परतणारा यांच्या शरीराची स्थिती एक नसते. दक्षिण अमेरिकेत चिली देशात समुद्रकाठी घर आणि 4,000 मीटरांहून उंच खाणीत काम, अशी पाळीपाळीने ये-जा करणारे कामगार आहेत. त्यांच्या शरीराचा अभ्यास वैद्यांनी स्वतंत्र विषय म्हणून केला आहे. तेथे उंचीइतकाच अवधीही निर्णायक ठरतो.

बोलीच्या बाबतीत अवधीचा विचार आपल्याकडे क्वचितच झाला. ग्रीअर्सन यांच्या भाषा-पाहणीच्या 1905 मधील सातव्या खंडात कुडाळीची नोंद आहे, आणि अ. मा. घाटगे यांचे ‘कुडाळी’वरील पुस्तक 1965 मध्ये निघाले. अशा पाहण्यांचा बोलणारा गृहीतच गावात स्थिर बसलेला असतो. गमतीची गोष्ट अशी, की ग्रीअर्सन यांनी नमुन्यासाठी निवडलेली कथा होती ती दूर देशी जाऊन घरी परतणाऱ्या मुलाची. परंतु परतलेल्या मुलाची बोली कोणती झाली होती, हा प्रश्न त्या पाहणीच्या कक्षेबाहेरचा होता.

पिंगुळीस फिरती नवी नाही. चित्रकथी व कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करणारी येथील ठाकर मंडळी सावंतवाडी संस्थानच्या काळी गावोगावच्या देवळांत खेळ करीत हिंडत. त्याच परंपरेतील परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. ही फिरती मुख्यतः एकाच बोलीच्या मुलखातली. दुसरा प्रवासी चाकरमानी. तो मुंबईस जातो, गणपतीस व शिमग्यास येतो. मधल्या काळात गावची बोली पुढे सरकते, आणि त्याची मात्र निघतानाच्या दिवसांपाशी थबकते. तिसरा प्रवासी म्हणजे बेळगावास राहून कामासाठी दर आठवड्यास कुडाळकडे उतरणारा. त्याच्यासाठी बोलीत अजून नावसुद्धा नाही. त्याची बोली थबकत नाही, कारण ती ओसरण्याइतका अवधीच मिळत नाही. आंबोलीच्या वर ‘कुठं चाललास?’ आणि खाली ‘खंय जातंस?’ हा पालट त्यास प्रयत्नाने करावा लागत नाही. काही लोक यास भेसळ म्हणतात, ते पटण्याजोगे नाही. भेसळीत दोन्ही वस्तू आपला गुण गमावतात. येथे दोन्ही शाबूत आहेत.

धोका निराळ्याच ठिकाणी आहे. बेळगावातील त्याचे मूल शाळेत मराठी शिकले तरी ती प्रमाण मराठी, अंगणात घाटावरची मराठी, बाजारात कन्नड. ‘माका’, ‘तुका’, ‘हंय’, ‘थंय’ त्याच्या कानी पडतात ते बाप घाट चढून आल्यावर एक-दोन दिवस, आणि आजीशी दूरध्वनीवर बोलताना. बापाची बदली झाली, की ही फेरी संपते. बापाची बोली त्यानंतरही बराच काळ टिकेल. मुलाला मात्र ‘घाटार’ म्हणजे काय हे विचारावे लागेल, कारण तो तेथेच राहत असेल.