लक्ष न लागणे, मन खचणे आणि व्यसन : विद्यार्थी रुग्णांविषयी

आमच्या रुग्णालयात देणगीदारांच्या नावाच्या पाट्या खाटांवर आहेत, सोनोग्राफीच्या खोलीबाहेर आहेत, पिण्याच्या पाण्याच्या टाकीवरही एक आहे. समुपदेशकाने एखाद्या विद्यार्थ्याशी बोलण्यात घालविलेल्या तासावर मात्र पाटी लावता येत नाही. हिशेबातही तो तास 'इतर खर्च' या शीर्षाखाली जातो. वाणिज्य शाखेत शिकलेल्या आम्हांस हे खटकते; म्हणून अहवालातील ही जागा त्या तासासाठी मागून घेतली आहे.

कोल्हापूर हे वसतिगृहांचे गाव. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे विविध जातिधर्मांच्या मुलांसाठी येथे वसतिगृहे उभी राहिली. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. आजही चंदगड, राधानगरी आणि सीमाभागातून मुले येतात, खोली घेतात, डबा लावतात. घरी असताना आई उठवीत असे, वडील अभ्यासाला बसवीत असत. येथे तसे कोणी नसते. शाहूपुरीत एस.टी. स्टँडपासून चालत येण्याजोगे आमचे रुग्णालय असल्याने त्यांचे पालकही प्रथम येथेच पोहोचतात.

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातील एका मुलाची हकीकत येथे नमूद करतो. ओळख राहू नये म्हणून तपशील बदलले आहेत. अतिमद्यपानामुळे तो दाखल झाला. "साहेब, पोरगं हुशार हाय, संगतीनं बिघडलं," असे वडील म्हणाले. आम्हीही तेच मानले. दारू उतरली, बिल भरले, खाट रिकामी झाली आणि कागदोपत्री रुग्ण बरा झाला. चार महिन्यांनी तो पुन्हा आला, तेव्हा 'जगण्यात अर्थ नाही' असे बोलत होता.

या खेपेस मानसोपचारतज्ज्ञांनी त्याची शाळेतील प्रगतिपुस्तके मागविली. तिसरीपासून शेरे एकच होते : हुशार आहे, लक्ष देत नाही, वह्या अपूर्ण. निदान झाले एडीएचडीचे, म्हणजे अवधानाची उणीव व अतिचंचलता. हा आळस नव्हे. लक्ष टिकविणे, कामाचा क्रम लावणे आणि मनाला आवर घालणे ही मेंदूची कामे यात जन्मतःच्या जडणघडणीमुळे कमी पडतात. लक्षणे बालपणीच असतात, परंतु घरच्या शिस्तीत झाकली जातात. वसतिगृहात ती उघडी पडली. विषय राहू लागले, मन खचले. तंबाखूने काही काळ लक्ष लागल्यासारखे वाटे म्हणून मावा सुरू झाला, झोप येईना म्हणून दारू. वडिलांना दिसली ती शेवटची पायरी.

मात्र लक्ष न लागणारा प्रत्येक विद्यार्थी या विकाराचा नसतो. अपुरी झोप, थायरॉइड, रक्तक्षय, नैराश्य आणि खुद्द गांजा यांनीही अवधान ढळते. रक्ताच्या तपासणीत वा स्कॅनमध्ये एडीएचडी दिसत नाही. तो ओळखायचा तर विद्यार्थ्याशी, आईशी, जमल्यास शिक्षकांशी बोलावे लागते. वर सांगितलेला तास तो हाच. उपचारांतील मिथाइलफेनिडेट हे औषध परिशिष्ट 'एक्स'मध्ये मोडते. मित्राकडून घेऊन परीक्षेच्या आदल्या रात्री खाण्याची ती गोळी नव्हे. तसेच रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी दारू एकदम तोडू नये. फिट येऊ शकते.

पोलिसांच्या भीतीने अनेक पालक उशिरा येतात. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कलम ६४-अ उपचारासाठी स्वतःहून येणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीस, ठराविक गुन्ह्यांपुरते, खटल्यापासून संरक्षण देते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय राहते. महाविद्यालयास आम्ही परस्पर काहीही कळवीत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील, सर्व राज्यांत सर्वाधिक. हा आकडा लिहिताना हात जड होतो.

सदर विद्यार्थ्याचे औषध व समुपदेशन चालू आहे. राहिलेल्या चार विषयांपैकी दोन सुटले, दोन बाकी आहेत. मधे एकदा पुन्हा दारू झाली. तेव्हा तो स्वतःच आला.

विम्याच्या बहुतेक पॉलिसी दाखल रुग्णाच्या खर्चालाच लागू होतात, बोलण्याच्या तासाला क्वचितच. तो भार पालकांवर वा संस्थेवर पडतो. म्हणून 'समुपदेशन निधी' असे स्वतंत्र खाते उघडण्याचा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहोत. पाटी कोठे लावणार, असा प्रश्न आताच विचारला गेला आहे. त्याचे उत्तर आमच्यापाशी नाही. दरम्यान, अडचणीच्या वेळी १४४१६ हा शासनाचा 'टेलि-मानस' क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे. आणि पालकांनी येताना मुलांची जुनी प्रगतिपुस्तके, रद्दीत गेली नसल्यास, बरोबर आणावीत.